पाठीला डोळे हवेत. पण काचेच्या बदल्यात?

इटलीतील लॅम्बोर्गिनी कंपनीने १९७४ साली विक्रीस आणलेली काउंटाश ही मोटार ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, त्यांनीही तिचे चित्र बहुधा पाहिलेले असते. ऐंशीच्या दशकात वसतिगृहांच्या भिंतींवर तिची भित्तिचित्रे झळकत असत. जमिनीपासून छपरापर्यंत अवघी १०७ सेंटिमीटर उंची, कात्रीसारखे वर उघडणारे दरवाजे आणि चालकाच्या पाठीमागे बसवलेले बारा सिलिंडरचे इंजिन. या देखण्या वाहनाची एक अडचण मात्र त्या चित्रांत दिसत नसे. गाडी मागे घ्यायची वेळ आली की चालकाला दरवाजा वर करून, शरीर अर्धे बाहेर काढून उंबऱ्यावर बसावे लागे आणि मान वळवून मागचा अदमास घ्यावा लागे. एक हात चक्रावर, एक पाय क्लचवर आणि नजर बाहेर! कसरतच ती. पण काउंटाशच्या मालकांमध्ये हीच रूढ पद्धत होती, कारण आत बसून मागचे जवळपास काहीच दिसत नसे.

कंपनीला याची कल्पना नव्हती असे नाही. पहिल्या गाड्यांच्या छपरात एक खोलगट पन्हळ ठेवून पाणबुडीच्या धर्तीवर परिदर्शक आरसा बसवण्याचा प्रयत्न झाला. तो पुरेसा उपयोगी ठरला नाही आणि लवकरच बाद झाला. पन्हळ मात्र छपरावर राहिली; तिच्यामुळेच त्या सुरुवातीच्या सुमारे दीडशे गाड्या आजही ‘पेरिस्कोपियो’ या नावाने ओळखल्या जातात आणि संग्राहक त्यांना अधिक किंमत मोजतात. फसलेल्या उपायाची खूणही पुढे प्रतिष्ठेची होते, ती अशी.

आज या अडचणीवरचा उपाय नखाएवढ्या भिंगात आला आहे. मागे पाहणारा कॅमेरा आणि चालकासमोर छोटा पडदा, एवढीच ती यंत्रणा. जुन्या, मागचे न दिसणाऱ्या वेगवान गाड्यांना असे कॅमेरे बसवून घेण्याचे प्रमाण जगभर वाढले आहे. वरकरणी पाहता ही श्रीमंतांच्या हौसेची बाब वाटते आणि वृत्तपत्राने तिच्यावर शाई खर्च करावी का, असा प्रश्नही कुणी विचारील. पण या कॅमेऱ्याचा कायद्याच्या पुस्तकातला प्रवास ज्या घटनेपासून सुरू झाला, ती घटना हौसेची नव्हती.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड परिसरात २००२ साली एका बालरोगतज्ज्ञाने आपल्या घरासमोर गाडी मागे घेतली. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा गाडीच्या मागे आलेला होता. तो आरशात दिसला नाही, कारण तो दिसणे शक्यच नव्हते. त्या मुलाच्या नावाने पुढे ‘कॅमेरॉन गुलब्रान्सन बालक वाहतूक सुरक्षा कायदा’ संमत झाला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली. मागच्या बाजूचे किती दिसले पाहिजे याचा नियम सरकारने तीन वर्षांत करावा, असे त्या कायद्याने बजावले होते. प्रत्यक्षात नियम आला तो ३१ मार्च २०१४ रोजी. मधल्या काळात मुदत वारंवार पुढे ढकलली गेली; अखेर ग्राहक संघटना व मुले गमावलेले पालक २०१३ मध्ये न्यायालयात गेले. सुनावणी दुसऱ्या दिवशी होती, आणि आदल्या दिवशी नियम जाहीर झाला!

हा विलंब नुसत्या सरकारी सुस्तीचा मानला तर विषयाचा गाभा हातून निसटतो. अडचण हिशेबाची होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार मागे येणाऱ्या वाहनांखाली वर्षाकाठी सुमारे २१० माणसे दगावत होती आणि १५ हजार जखमी होत होती. मृतांमध्ये पाच वर्षांखालील मुले ३१ टक्के आणि सत्तरी ओलांडलेले वृद्ध २६ टक्के. कॅमेरा व पडदा बसवण्याचा खर्च गाडीमागे १३२ ते १४२ डॉलर; पडदा आधीच असेल तर ४३ ते ४५ डॉलर. सगळ्या गाड्यांचा मिळून वर्षाला ५४ ते ६२ कोटी डॉलर, आणि रस्त्यावरच्या सर्व गाड्यांना कॅमेरे लागल्यावर वाचणारे जीव वर्षाला ५८ ते ६९. अर्थशास्त्राच्या नेहमीच्या तराजूत हे पारडे झुकत नव्हते, आणि प्रशासनाने ते कबूलही केले. तरीही नियम करताना त्याने असे मांडले की, आई किंवा बापाच्याच हातून मूल जाणे या दुःखाची किंमत आकड्यात बसत नाही. एरवी कोरड्या असणाऱ्या सरकारी दस्तऐवजात असा युक्तिवाद क्वचितच आढळतो.

नियमाचा तपशीलही विचार करून ठरवलेला आहे. गाडीच्या मागे सुमारे तीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब पट्टा पडद्यावर दिसला पाहिजे. चाचणीसाठी त्या पट्ट्यात जी नळकांडी उभी करतात त्यांची उंची ८० सेंटिमीटर असते, म्हणजे साधारण दीड वर्षाच्या मुलाएवढी. रिव्हर्स गिअर पडल्यावर दोन सेकंदांत चित्र उमटले पाहिजे. १ मे २०१८ पासून ४,५३६ किलोपर्यंतच्या प्रत्येक नव्या वाहनाला हे बंधनकारक झाले. लॅम्बोर्गिनी असो वा फेरारी, वर्षाला मूठभर गाड्या करणारा कारखाना असो, सूट कुणालाही मिळाली नाही. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना मागचे टिपणारी यंत्रणा अनिवार्य केली. जपाननेही २०२२ पासून हीच वाट धरली. गंमत अशी की, प्रवासी मोटारीत कॅमेरा सर्वप्रथम जपाननेच आणला होता. १९९१च्या टोयोटा सोअररमध्ये तो होता, पण ती यंत्रणा जपानबाहेर विकली गेली नाही.

मुद्दा उरतो तो नियमापूर्वीच्या गाड्यांचा. त्यांना कॅमेरा बसवण्याची सक्ती कोणत्याच देशाने केलेली नाही, आणि मागचे सर्वांत कमी दिसणाऱ्या गाड्या याच वर्गात मोडतात. कारण उघड आहे. इंजिन चालकाच्या मागे गेले की मागच्या काचेची जागा इंजिनाच्या झाकणाने घेतली जाते. उष्णता बाहेर जावी म्हणून त्यावर पट्ट्या-पट्ट्यांची झडप येते आणि काचेतून जे थोडेफार दिसायचे तेही चिरफाळून दिसते. रुंद चाकांसाठी मागचे खांदे फुगवले जातात, त्यांवर पंख बसतो. चालक जमिनीलगत बसलेला असल्याने त्याच्या डोळ्यांची पातळी शेजारच्या साध्या गाडीच्या खिडकीखाली येते. पुढे इंजिन असलेल्या गाड्यांचीही गत निराळी नाही. २००९ साली आलेली पाचव्या पिढीची शेव्हर्ले कॅमारो या बाबतीत बदनाम होती. तिच्या खिडक्या म्हणजे जणू किल्ल्याच्या जंग्या. गाडी उलटल्यास छप्पर दबू नये यासाठी अमेरिकेने २००९ मध्ये छपराच्या मजबुतीची अट दुप्पट केली, तेव्हापासून छपराचे खांब सर्वच गाड्यांत जाड होत गेले. आतल्या माणसाची सुरक्षा वाढली, आणि बाहेरचा माणूस त्या जाड खांबाआड गेला.

अशा गाडीला बाहेरून कॅमेरा आणून लावणे हे काम दिसते तितके सोपे नाही. साध्या मोटारीत वायर मागच्या डिकीतून अस्तराखालून पुढे आणली की झाले. मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीत तीच वायर इंजिनाच्या कप्प्यातून, तापलेल्या धुराड्याच्या शेजारून आणि मग कप्पा व आसने यांमधल्या पोलादी भिंतीतून न्यावी लागते. उष्णतारोधक वेष्टण नसेल तर काही महिन्यांत तिचे आवरण ठिसूळ होते. प्रज्वलनाच्या तारांच्या जवळून नेली तर पडद्यावर रेघा नाचतात. बिनतारी कॅमेऱ्याचा मोह अनेकांना होतो; पण त्यालाही वीज लागतेच, शिवाय त्याच लहरींवर बोलणारी घरगुती वाय-फायची यंत्रे इतकी दाटली आहेत की ऐन वेळी चित्र गोठण्याची शक्यता राहते. गोठलेले चित्र हे चित्र नसण्यापेक्षा घातक. मागे कुणी नाही असे ते दाखवत राहते, मूल मात्र क्षणापूर्वीच तिथे आलेले असते.

वीज बहुधा रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतली जाते. नव्या गाड्यांत तो दिवा संगणकाच्या आज्ञेने झटक्याझटक्याने पेटत असतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते आणि चित्र लुकलुकते. मध्ये एक रिले घालावा लागतो. जुन्या गाड्यांत अडचण उलटी असते. गिअरपेटीवरचा स्विच झिजलेला असतो, दिवा कधी लागतो, कधी नाही, आणि त्याच्यामागोमाग कॅमेराही. म्हणून आधी तो स्विच बदलावा, मग कॅमेऱ्याचे नाव काढावे, हा जाणत्या कारागिराचा पहिला सल्ला असतो.

कॅमेरा लावायचा कुठे, हा त्याहून नाजूक प्रश्न. जुन्या नामांकित गाडीच्या बंपरला भोक पाडणे म्हणजे तिच्या मूळ रूपाला, पर्यायाने किमतीला, भोक पाडणे. कार्बन तंतूंच्या पत्र्याला भोक पाडले तर कडा चिरफळण्याचा धोका. त्यामुळे नंबरपाटीच्या स्क्रूवर बसणारी पट्टी हा सर्वमान्य तोडगा झाला आहे. आपल्याकडे त्यालाही एक अडसर आहे. अतिसुरक्षित नोंदणी पाटी एकदाच बसणाऱ्या कुलपी खिळ्यांनी पक्की केली जाते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही ही पाटी सक्तीची झाली आणि २०२५ मध्ये तिच्या मुदतवाढी गाजल्या. ते खिळे काढता येत नाहीत, पाटीवरचा कोणताही भाग झाकताही येत नाही. तेव्हा पाटीवरच्या दिव्याच्या जागी बसणारा कॅमेरा घेणे इथे अधिक शहाणपणाचे.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. बाजारातला कॅमेरा पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा दाखवतो. त्या रेघा कारखान्यात एका ठरावीक उंचीसाठी आखलेल्या असतात. जमिनीपासून वीतभर वर असलेल्या शेपटीवर तो बसवला की लाल रेघेचा अर्थ बदलतो. रुंद कोनाच्या भिंगामुळे तर मागची भिंत असते त्यापेक्षा दूर भासते. गाडीमागे एक मीटरवर वीट ठेवून पडद्यावर ती कुठे दिसते हे एकदा पाहून घेतल्याशिवाय त्या रेघांवर भरवसा ठेवू नये. शिवाय चित्र आरशासारखे उलटे, म्हणजे डावे डावीकडेच दाखवणारे, हवे. पुढच्या बाजूस लावण्याचा कॅमेरा चुकून मागे लागला तर चालक चक्र नेमके उलट्या दिशेने फिरवतो.

इतके सोपस्कार पार पाडल्यावर उपयोग किती? विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१४ मध्ये तपासले, तेव्हा कॅमेऱ्यामुळे मागचे न दिसणारे क्षेत्र सरासरी ९० टक्क्यांनी घटत असल्याचे तिला आढळले. पण पुढे पोलिसांत नोंदलेले प्रत्यक्ष अपघात मोजले, तर घट सुमारे १७ टक्केच निघाली. ९० आणि १७ यांमधले अंतर यंत्राचे नाही, माणसाचे आहे. पडद्यावर दिसते, पण चालकाने त्या क्षणी पडद्याकडे पाहिले पाहिजे, पाहिलेले उमगले पाहिजे आणि पाय ब्रेकवर गेला पाहिजे. मागे अडथळा असल्यास आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेने याच संस्थेच्या अभ्यासात ६२ टक्के घट दाखवली. जुन्या काउंटाशला ती बसवण्याची सोय नाही, हे वेगळे सांगायला नको. तिच्या मालकाला १७ टक्क्यांवरच समाधान मानावे लागेल. आणि उंबऱ्यावर बसण्यापेक्षा ते निश्चितच बरे.

खरी चिंता जुन्या गाड्यांची नाही, नव्यांची आहे. कॅमेरा न दिसण्यावरचा उपाय म्हणून आला; आता तो न दिसण्याचा परवाना होऊ पाहत आहे. फेरारीने २०२१ मध्ये आणलेल्या ८१२ कॉम्पेटिझिओने या गाडीत मागची काचच काढून टाकली आणि त्या जागी हवेला वळण देणारा ॲल्युमिनियमचा बंद पत्रा बसवला. मागचे पाहायचे ते कॅमेऱ्याच्या आरशातून. ९९९ गाड्यांचा तो मर्यादित ताफा म्हणून सोडून द्यावे म्हटले, तर २०२३ मध्ये पोलस्टार कंपनीने चार दरवाजांच्या कौटुंबिक विजेच्या गाडीतही मागची काच ठेवली नाही. मागच्या प्रवाशाच्या डोक्याला जागा मिळावी, हे दिलेले कारण. कारखानदाराच्या दृष्टीने हा हिशेब बिनचूक आहे: कॅमेरा कायद्याने लावावाच लागतो, मग काच कशाला?

काच कधी बिघडत नाही, म्हणून. अमेरिकेत फोर्ड कंपनीला कॅमेऱ्यांतील दोषापायी गाड्या वेळेवर परत न बोलावल्याबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये १६ कोटी ५० लाख डॉलरचा दंड मान्य करावा लागला. तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या इतिहासातील तो दुसऱ्या क्रमांकाचा दंड. त्यानंतरही सप्टेंबर २०२५ मध्ये याच कारणासाठी कंपनीने जगभरातून सुमारे १९ लाख गाड्या परत बोलावल्या. टेस्लाने डिसेंबर २०२१ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक गाड्या बोलावल्या होत्या. तिथे दोष होता डिकीचे झाकण उघडता-मिटता झिजणाऱ्या वायरीत. जानेवारी २०२५ मध्ये संगणकाची पट्टी जळून कॅमेरा बंद पडत असल्याने आणखी सुमारे २ लाख ३९ हजार. पोर्शसारख्या, वेगवान गाड्यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या कंपनीलाही २०२५ अखेर कॅमेऱ्यापायी अमेरिकेतील लाखाहून अधिक गाड्या दुरुस्तीला बोलवाव्या लागल्या. या बहुतेक गाड्यांना निदान काच होती. चित्र गेले तरी मान वळवता येत होती.

डोळ्यांच्या दृष्टीनेही एक बाब आहे. साध्या आरशात दूरचे दूरच दिसते. रस्त्यावरून आरशाकडे पाहताना डोळ्याला नव्याने जुळवून घ्यावे लागत नाही. पडद्याच्या आरशातले चित्र मात्र हातभर अंतरावरच्या पडद्यावरचे असते. पंचेचाळिशीनंतर ज्यांना वाचायला चष्मा लागतो, त्यांना तेच धूसर दिसते. आणि महागड्या वेगवान गाड्यांचे खरेदीदार बहुतांशी कोणत्या वयाचे असतात?

भारताने या बाबतीत निराळी, स्वस्त वाट निवडली. पुण्याच्या कोथरूडमधील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहन उद्योगाची जी मानके प्रसिद्ध करते, त्यांतील १४५व्या मानकानुसार १ जुलै २०१९ पासून प्रवासी मोटारींना मागचे संवेदक सक्तीचे झाले. हे संवेदक ध्वनिलहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरीवरून अडथळा ओळखून टीं-टीं करतात. भिंत, खांब, दुसरी गाडी त्यांना चांगली कळते. लहान, मऊ कपड्यांतले, हलणारे शरीर तितके खात्रीने कळत नाही. अमेरिकी प्रशासनाने केलेल्या चाचण्यांत संवेदक मुलांच्या बाबतीत कमी पडले, म्हणून तर तिथे कॅमेऱ्याचा आग्रह धरला गेला. म्हणजे आपला नियम बंपरचे रक्षण अधिक करतो आणि मुलाचे कमी, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. पण चुकीचे ठरणार नाही.

त्यापूर्वी तर आपल्याकडे गाडी मागे घेताना चित्रपटगीताची नाहीतर देशभक्तिपर गाण्याची सुरावट वाजवण्याची टूम होती. तिच्यामागे एक गृहीतक होते: पाहण्याची जबाबदारी चालकाची नाही, बाजूला होण्याची जबाबदारी मागच्याची. दीड वर्षाच्या मुलाला त्या सुरावटीचा अर्थ काय कळणार? ते बहुधा नाचत जवळच येईल. सोसायटीच्या आवारात ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत डिकीवर थाप मारणारा रखवालदार हाच अजूनही आपला भरवशाचा कॅमेरा आहे, आणि दुपारी तो जेवायला गेलेला असतो.

मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आज लॅम्बोर्गिनी दिसणे हे नवल राहिलेले नाही. २०२३ मध्ये या कंपनीने भारतात प्रथमच शंभराहून अधिक गाड्या विकल्या. त्यांना कॅमेरा कारखान्यातूनच मिळतो. प्रश्न त्या गाड्यांचा नाहीच. प्रश्न आहे तो वेगवान गाडीच्या रूपाची नक्कल करत अरुंद होत गेलेल्या मागच्या काचांचा, जाड खांबांचा आणि उतरत्या छपरांचा. हे रूप आता दहा-बारा लाखांच्या गाडीतही आले आहे. त्या गाडीच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीतून मात्र कॅमेरा वगळलेला असतो. ज्याला पैसे वाचवायचे आहेत त्याच्याच दारात मुले खेळत असतात. त्याने मग कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर नाहीतर नाना पेठेत जाऊन एक-दोन हजारांचा कॅमेरा लावून घ्यावा, अशी ही व्यवस्था. तिथे वायर कुठून नेली, रेघा जुळवल्या की नाही, पावसाळ्यात भिंगावर पाणी साचते का, हे तपासणारे कुणी नाही. दोन सेकंदांचा नियम नाही, ८० सेंटिमीटरच्या नळकांडीची चाचणी नाही.

ती चाचणी घरी करता येते. सुट्टीच्या दिवशी गाडी मोकळ्या जागेत उभी करावी, ८० सेंटिमीटर उंचीचे एखादे स्टूल मागच्या बंपरला टेकवून ठेवावे आणि नेहमीच्या आसनावर, नेहमीच्या पद्धतीने बसावे. घरातल्या कुणाला तरी ते स्टूल पाऊल-पाऊल मागे न्यायला सांगावे. आरशात किंवा काचेतून ते प्रथम दिसेल तिथे खडूने रेघ मारावी आणि खाली उतरून ती रेघ बंपरपासून किती दूर आहे ते मोजावे.